टोपीसाठी ठोकलेला खिळा

ब्लेझ डाबरे मला पहिल्यांदा भेटला तो आभाळातून पडून. १९७८चा उन्हाळा होता. मेलबर्नच्या पूर्वेला, एमराल्ड गावाच्या वरच्या अंगाला, निलगिरीच्या झाडांखाली आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं सतरंज्या टाकून बसलो होतो. माझी बायको मेधा श्रीखंड वाढत होती. इतक्यात वरच्या खडीच्या रस्त्यावर धुळीचा लोट उठला. तो एवढा प्रचंड होता, की समुद्रापलीकडे टास्मानियातल्या बायकांनी दोरीवरचे कपडे घाईघाईने आत घेतले. झाडावरचे पांढरे काकाकुवे तपकिरी होऊन उडाले. एक कांगारू आमच्या डोक्यांवरून उडी मारून जो गेला, तो थेट शेजारच्या राज्यात स्थायिक झाला. आणि त्या धुळीतून एक सायकल आली. सायकलच्या कॅरियरवर लाकडी खोकं, पुढे एक काळासावळा दणकट माणूस, आणि त्याच्या तोंडी अस्सल मराठीत, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!"

ब्रेक गेलेला माणूस मातृभाषेतच ओरडतो. आम्ही बाजूला झालो. श्रीखंड झालं नाही.

धूळ बसल्यावर तो उठला. उजवा हात कोपरापर्यंत पातेल्यात जाऊन आलेला, भुवईवर चारोळी.

"लागलं का हो?" मेधाने विचारलं.

"छे छे."

"बसा मग, दोन घास खा."

"नको नको, आत्ताच जेवून निघालोय."

"दोन पुऱ्या तरी?"

"नको, खरंच नको."

"आमची शपथ आहे तुम्हाला."

"बरं, तुम्ही एवढं म्हणता तर..." असं म्हणून तो बसला आणि पुऱ्यांचा डबा रिकामा झाल्यावर उठला. डब्याकडे बघून मेधा मला हळूच म्हणाली, "बरं झालं जेवून आला होता."

ह्या 'नको नको'कडे वाचकांनी लक्ष ठेवावं. पुढचा सगळा घोटाळा त्यानेच केला.

ब्लेझ मूळचा वसईजवळच्या गिरीजचा. घरची केळीची वाडी. मिसरूड फुटल्यापासून तो पहाटे केळीचे घड सायकलला बांधून स्टेशनवर पोचवायचा. पुढे ड्राफ्ट्समन झाला, ॲग्नेसशी लग्न केलं, डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात नोकरीला लागला. पण सायकलीवरचं ओझं काही सुटलं नाही. रिकामी सायकल त्याला चालवताच यायची नाही. "मागे वजन नसलं की ती उधळते रे," असं म्हणायचा. मग खोक्यात कधी विटा, कधी बटाटे, तर कधी त्याची लेक बर्नाडेट. बर्नाडेट आठ वर्षांची झाल्यावर तिने स्पष्ट सांगितलं, "डॅड, आय ॲम नॉट कार्गो."

त्याच्या आईने त्याला दोन गोष्टी घोटून शिकवल्या होत्या. एक, रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवायची नाही. दुसरी, कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा लाजत घ्यायचं. पहिल्या खेपेला हो म्हणणारा तो अधाशी. आपल्या लोकांत हे छान चालतं, कारण देणाऱ्यालाही तीनदा विचारायला शिकवलेलं असतं.

आता शाबियर. हा ब्लेझच्याच कारखान्यात लेथवर होता. स्पेनच्या उत्तरेच्या डोंगरांतला बास्क माणूस. तरुणपणी क्वीन्सलंडला ऊस तोडायला आला, मग खाली सरकत सरकत गेमब्रूकच्या टेकड्यांत बटाट्याची शेती घेऊन बसला. नाक घारीसारखं, बोलणं रेशनवर. 'आमच्या वसईला येऊन गेलेला संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या मुलखातला' एवढं कळताच ब्लेझने त्याला मनोमन सोयरा करून टाकलं.

शाबियरला घरची भयंकर आठवण यायची. हा माणूस रडण्याऐवजी सायकल चालवायचा. गेमब्रूकभोवतीच्या खडीच्या रस्त्यांना त्याने आपल्या मुलखातल्या गावांची नावं देऊन टाकली होती. तिकडे म्हणे हिरव्या डोंगरांतून पांढऱ्या रस्त्याने असंच गावोगाव जाता येतं. प्रत्येक गावाला चर्च, चेंडू खेळायची उंच भिंत आणि पारावरचे म्हातारे. इकडे चढावरचा टपालपेट्यांचा घोळका म्हणजे लेइत्सा. गाईंचा गोठा म्हणजे आरेसो. आणि जिथे फक्त एक जळकं झाड होतं ते एस्कुर्रा. दर रविवारी कारखान्यातले पाच-सहाजण त्याच्या मागोमाग ह्या गावांतून फिरायचे. मी गाडीतून मागे असायचो. कुणीतरी पाणी न्यायला हवं ना.

"हे चर्च," गोठ्यापाशी थांबून शाबियर म्हणायचा आणि टोपी काढायचा. ब्लेझ मनोभावे क्रुसाची खूण करायचा. गाई रवंथ करत आशीर्वाद द्यायच्या.

घरी येऊन ब्लेझ सांगे, "आज लेइत्साला जाऊन आलो."

"येताना पाव आणलास का तिथून?" ॲग्नेस विचारी.

एकदा शाबियरने आम्हा दोन्ही जोडप्यांना जेवायला बोलावलं. त्याची बायको मिरेन हिने राजम्यासारख्या काळ्या घेवड्याचं वाफाळतं कालवण आणलं. वास असा, की माझं पोट खुर्चीतून उठून उभं राहिलं.

"घ्या," शाबियर म्हणाला.

"नो, नो, आम्ही खाऊन आलोय," ब्लेझ आम्हा सगळ्यांच्या वतीने म्हणाला.

"बरं," शाबियर म्हणाला आणि भांडं उचलून स्वतःच्या पुढ्यात ओढलं. ते दोघं नवराबायको शांतपणे जेवले. आम्ही चौघं त्यांच्याकडे बघत बटाट्याच्या भावावर बोललो.

परतताना गाडीत ॲग्नेस उसळली. "काय गरज होती रे? सकाळपासून पोटात काही नाही!"

"तिसऱ्यांदा विचारलं असतं तर घेतलंच असतं ना!"

"त्याने दुसऱ्यांदा तरी विचारलं का?"

दुसऱ्या दिवशी ब्लेझने कारखान्यात आडून आडून विषय काढला. शाबियर म्हणाला, "आमच्याकडे शब्द म्हणजे शब्द. माणूस नाही म्हणाला, तर नाही. पुन्हा विचारणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं." त्यानंतर ॲग्नेस ब्लेझला आठवडाभर आरशापुढे उभं करून 'येस प्लीज' घोटवत होती. खाण्यापुरतं ते त्याला जमायलाही लागलं.

शाबियरच्या मुलखात शर्यत जिंकणाऱ्याला कप देत नाहीत, टोपी देतात. काळी, लोकरीची, चपटी, गोल, तांदळाच्या भाकरीपेक्षा मोठी. तिच्यावर साल विणलेलं असतं, आणि ती विजेत्याच्या डोक्यावर सगळ्यांसमोर ठेवतात. शाबियरही दरवर्षी डिसेंबरात, संत झेवियरच्या सणाला, आपल्या त्या गावांमधून शर्यत ठेवायचा. दरवर्षी स्वतःच जिंकायचा आणि मिरेन बिचारी आपल्याच नवऱ्यासाठी टोपी विणायची.

ब्लेझला ती टोपी हवी होती. इतकी, की मला त्याची काळजी वाटायला लागली. एकदा गाडीत तो एकदम म्हणाला, "शिरीष, आयुष्यभर मी दुसऱ्यांचा माल वाहिला. वाडीत बाबांची केळी, इथे दुसऱ्यांचे आराखडे. माझ्या पायांनी मिळवलेली एक वस्तू घरात नाही." हे बोलून लगेच "पाणी दे" म्हणाला, जणू आपण काही बोललोच नाही.

शर्यतीच्या आदल्या शनिवारी त्याने लाउंजच्या भिंतीवर, येशूच्या तसबिरीच्या जरा खाली, एक खिळा ठोकला.

"हे कशासाठी?" ॲग्नेसने विचारलं.

"टोपीसाठी."

"आधी टोपी, मग खिळा अशी रीत आहे."

"डॅड, इट्स जस्ट अ हॅट," बर्नाडेट म्हणाली. पण खिळा सरळ आहे का ते तिनेच लांबून बघून सांगितलं.

शर्यतीच्या दिवशी ब्लेझ कॅरियरवर बटाट्यांची गोण बांधून हजर झाला. सगळे पोट धरधरून हसले. केव्हिन नावाचा आमचा एक लांबुडका दूधवाला मित्र तर गवतावर लोळला. "मेट, रेस आहे की बाजार?"

"बिनओझ्याची उधळते," ब्लेझने गंभीरपणे सांगितलं.

लेइत्साच्या चढावर हसणाऱ्यांची मागची चाकं खडीवर जागच्या जागी फिरू लागली. ब्लेझचं चाक बटाट्यांनी असं दाबून धरलेलं, की ते रस्ता चावत वर जायचं. आरेसोच्या गोठ्यापाशी केव्हिनची चेन तुटली. एस्कुर्राच्या जळक्या झाडापाशी शाबियर बऱ्यापैकी पुढे होता, आणि ब्लेझचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला होता. पण तिथून शाबियरच्या फाटकापर्यंत सगळा उतार! उतारावर गोणीने सूत्रं हातात घेतली. ब्लेझ, सायकल आणि पंचवीस किलो बटाटे शाबियरच्या शेजारून धोंड्यासारखे गेले, फाटक ओलांडून गेले, कोंबड्यांच्या खुराड्यातून गेले आणि विहिरीच्या कठड्याला लागून थांबले.

जिंकला! ॲग्नेस एवढी ओरडली की तिचा घसा चार दिवस बसला. बर्नाडेट उड्या मारत सगळ्यांना सांगत होती, "दॅट्स माय डॅड!"

सगळे अंगणात गोल उभे राहिले. मिरेनने टोपी आणली. शाबियरने हरल्याचा रागबिग काही न धरता ती दोन्ही हातांत घेतली, ब्लेझपुढे आला आणि म्हणाला, "ही तुझी."

ब्लेझचे डोळे भरून आले. कोंबडीची पिसं चिकटलेली मान त्याने खाली घातली, हात जोडले, आणि गिरीजच्या आपल्या आईला स्मरून म्हणाला, "नो, नो. मला कशाला? मी कुठला एवढा मोठा!"

ॲग्नेसचा बसलेला घसा काहीतरी ओरडला, पण आवाज निघाला नाही.

शाबियरच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच आदर पाहिला. "बरं," तो म्हणाला. मग तो वळला आणि शेवटून पहिला आलेल्या, कुणाच्या तरी ट्रकमधून सायकलसकट उतरत असलेल्या केव्हिनसमोर त्याने टोपी धरली. "तुला हवी?"

"थँक्स, मेट," केव्हिन म्हणाला आणि त्याने ती डोक्यावर चढवली.

परतताना सगळे माझ्याच गाडीत होते. डँडेनॉन्ग जवळ आल्यावर ब्लेझ म्हणाला, "निदान एकदा तरी परत विचारेल असं वाटलं होतं."

बर्नाडेटने मागच्या सीटवरून त्याच्या मानेवरचं एक पीस काढलं. "नेक्स्ट इयर, डॅड."

पुढच्या वर्षी शाबियरने शेत विकलं आणि तो क्वीन्सलंडला परत गेला. शर्यत बंद पडली. खिळ्यावर आता टायरच्या दुकानाचं कॅलेंडर आहे.