मुखपृष्ठावरचे मामा

आडातून वर आले की मामा आधी मान डावीकडे कलती करायचे, कानाची पाळी दोनदा ओढायचे आणि म्हणायचे, "आता बास. ही शेवटची बुडी." मग मान उजवीकडे. दुसऱ्या कानातले पाणी गळेपर्यंत पुढच्या गल्लीतून कोणीतरी बोलवायला आलेले असायचे. ही शेवटची बुडी जुन्या जालन्यात मी निदान पन्नास वेळा पाहिली. लोक विचारायचे, "मामा, कालची शेवटची होती, मंग आजची कितवी?" मामांना अर्धे ऐकू यायचे नाही. लोक हसताहेत म्हणून तेही हसायचे.

सगळा गाव त्यांना मामाच म्हणायचा; विहिरीत पडलेली भांडी काढणे हा त्यांचा धंदा. घागर, हंडा, पोहरा गळाला लागला नाही की मामांना बोलावणे जायचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल. पण इतका थकलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. डोळे बारा महिने लाल, बोटांची कातडी सुरकुतलेली, आणि चार पावले चालले की छातीचा भाता सुरू. पाण्यात मात्र ते घरी गेल्यासारखे शिरायचे.

वर दोर धरायला त्यांची बायको, मामी. दोराचे एक टोक मामांच्या कमरेला, दुसरे मामींच्या मुठीला दोन वेढे घेतलेले. खालून एक हिसडा आला तर सैल सोडायचे, दोन आले तर ओढायचे. मामा खाली असेपर्यंत कोणी बोललेले मामींना चालत नसे. एकदा मी सहज म्हणालो, "मामी, ऊन फार आहे." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी आठवडाभर त्यांच्या दारावरून गेलो नाही.

मी त्यांच्याच बोळात राहायचो. निजामाचे राज्य होते. दुकानांच्या पाट्या उर्दूत आणि मराठीत रंगवायच्या, आणि एका छापखान्यासाठी गोष्टींच्या पुस्तकांची मुखपृष्ठे काढायची, हे माझे काम. लढाईचे दिवस होते. गोऱ्या पलटणी घेऊन गाड्या स्टेशनावरून जायच्या. त्यातल्याच कोणी बाकावर टाकून दिलेले परदेशी चित्रांचे एक पुस्तक छापखान्याच्या मालकांच्या हाती लागले. मुखपृष्ठावर उघड्या अंगाचा एक वीर समुद्राच्या तळाशी एका राक्षसी माशाला ठोसा हाणत होता. रंग असे की बघत राहावे. आमच्याकडे तेव्हा पाताळवीराची एक गोष्ट छपाईला आलेली होती. मालक म्हणाले, "आपल्याला बिलकुल असंच पाहिजे."

समुद्र मालकांनी पाहिला नव्हता, मीही नाही. पाण्याखालचे जालन्यात कोणाला विचारावे? पुस्तक घेऊन मी मामांकडे गेलो.

मामांनी ते चित्र बराच वेळ पाहिले.

"ह्यो पान्यात न्हाई," ते म्हणाले.

"का?"

"भांग बघा की. केस इंचभर हालला न्हाई. आन् ठोसा? पान्यात ठोसा बसतच न्हाई, पेंटरसाब. हात पोचेपत्तोर मासा गावाला जाऊन येतो."

मामी आतून म्हणाल्या, "तोंड बी उघडंय त्याचं. पोटात अख्खी हीर जाईल."

मग मीच त्यांना गळ घातली की चित्रासाठी माझ्यापुढे बसून द्या. बसून म्हणजे झोपून. कडब्याच्या दोन पेंढ्यांवर मामा पालथे पडले आणि हातपाय पसरून पोहू लागले. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी कागदावर रेघा मारत होतो आणि मामा पेंढीवरून सांगत होते, "खाली काळं नसतं. हिरवं असतं. वर बघितलं तर उजेड ताटाएवढा दिसतो. त्या ताटाकडं बघूनच वर यायचं."

दुसऱ्या दिवशी कच्चे चित्र दाखवले. मामींनी लगेच विचारले, "दोर कुठाय?"

"मामी, वीर आहे तो. त्याला दोर कशाला?"

"दोर काढा," मामा म्हणाले. "वर कोनी धरलेलं नसलं तर मानूस वर येईल कशाला?"

मी हो म्हटले. मालकांना विचारले, तर ते म्हणाले, "दोर काढला की वीर न्हाई, पोहरा दिसंल." मलाही तसेच वाटत होते. मी दोर काढला नाही. मामांच्या सुरकुत्या काढून टाकल्या, छाती भरून घेतली, चेहरा तेवढा त्यांचाच ठेवला. वर ताटाएवढा उजेड, खाली हिरवे पाणी, आणि त्या उजेडाकडे निघालेला माणूस. पुढे मी शेकडो चित्रे काढली, इतके चांगले एकही जमले नाही. आता या वयात हे सांगायला लाज कसली!

पुस्तक खपले. मुखपृष्ठाचे जादा कागद लोकांनी मागून नेले. छापखान्याच्या दारावर, चहाच्या हॉटेलात, भुसार दुकानांत जिकडेतिकडे मामा चिकटले. त्यांना बोलावणी वाढली. टेंभुर्णीहून बैलगाडी यायची. मामा ओल्या अंगाने गाडीत बसायचे, मामी दोराचे वेटोळे मांडीवर घेऊन शेजारी. "बास झालं आता," मामा मला म्हणायचे, "पन तुमचं चित्र बघून लोक आल्ते, न्हाई कसं म्हनू?" मला त्यात माझे कौतुकच ऐकू यायचे.

त्या हिवाळ्यात मामी चार दिवसांच्या तापाने गेल्या.

मामांनी दोर खुंटीला टांगला आणि सगळ्यांना सांगितले, आता बास. कोणी खरे मानले नाही. इतकी वर्षे रोजच तर म्हणत होते! एका हमालाने हौसेने दोर धरायचे कबूल केले, म्हणून एकदा गेले. हमाल वर कोणाशी तरी गप्पा मारत राहिला. मामांनी दोन हिसडे दिले, परत दोन दिले. शेवटी आपल्या जोरावर वर आले तेव्हा कानातून रक्त येत होते. त्यानंतर त्यांनी कोणाच्याच हातात दोर दिला नाही. लोक म्हणायचे, "मंग बिनदोराचे जा. चित्रात तर तसेच जाता की!" कोणी थट्टेने म्हणायचे, कोणी खरेच.

ते माझ्याकडे आले. "पेंटरसाब, चित्रात दोर काढा."

"छापून झालंय, मामा."

"जेवढे भिताडावर हायेत, तेवढ्यांवर काढा. लोकाला दिसंल तरी."

मी पाट्यांच्या कामाने वैतागलेलो होतो. उद्या काढतो म्हणालो. चार वेळा म्हणालो.

आणि मग आमच्याच बोळातल्या आडात एका नव्या सुनेच्या हातून सासूचा पितळी हंडा सुटला. पोर कठड्याला धरून रडत होती, घरात पाय टाकायला तयार नव्हती. तिला कोणी काही समजावण्याआधी मामा धोतर खोचून आत उतरलेसुद्धा. कमरेला काही नव्हते.

हंडा घेऊन ते पाण्यावर आले. मी कठड्यावरून वाकून पाहत होतो. चढायला दगडात खोबण्या होत्या, त्या त्यांना पाठ होत्या. पण ते चढेनात. हंडा काखेत धरून नुसते वर बघत राहिले.

"वर कोन हाय?" त्यांनी विचारले.

"मी आहे, मामा!" मी ओरडलो.

त्यांना ऐकू गेले नाही. त्यांनी परत तेच विचारले. मी परत ओरडलो, त्यांनी परत विचारले. शेवटी बोळातले दोघेजण खोबण्यांतून खाली गेले आणि त्यांना धरून वर आणले. ती सून पाया पडली. मामा तिच्याकडे पाहत होते की पलीकडे, ते मला कळले नाही.

आठ दिवसांत लेक येऊन त्यांना आष्टीला घेऊन गेली. निजामाचे राज्य गेले त्याच साली मामाही गेल्याचे कळले. तेव्हा कुठे मला वेळ झाला. पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश घेऊन निघालो आणि ते पान जिथे जिथे शिल्लक होते तिथे पाताळवीराच्या कमरेला दोर काढत गेलो.

चहाच्या हॉटेलात हॉटेलवाला किटली हातात धरून बघत उभा राहिला. "दोर बराबर झाला, पेंटरसाब," तो म्हणाला. "पन वर धरलाय कोनी?"

मी पाहिले. दोर कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेला होता. तिथे पुस्तकाचे नाव होते, मोठ्या लाल अक्षरांत, माझ्याच हातचे. एक मूठ काढण्यापुरतीही जागा मी ठेवलेली नव्हती.