नव्वद फुटांवरची कॅसेट

किस्से म्हणजे वर्कशॉपातलं भंगार हो! एक आणून टाकला की शेजारी दुसरा येऊन पडतो, आणि बघता बघता दार उघडायला जागा उरत नाही. आम्ही चौघे म्हातारे अजूनही रविवारी सदर भागातल्या टपरीवर जमतो. पहिला कट चहा आला की कोणी ना कोणी म्हणतोच, "वासूभाऊचा तो आठवते का गा?" मग काय, चहा थंड!

वासूभाऊ म्हणजे आमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. उमरेडच्या विणकराचा मुलगा. बाप हातमागावर, हा रेडिओवर. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप होतं. पंप दुरुस्ती, टाक्या, वायरिंग, पडेल ते काम. मी विंच चालवायचो, म्हणजे तारेच्या दोरानं जड सामान वर-खाली करायचं यंत्र. कॅसेट रेकॉर्डर तेव्हा नवे नवे आले होते. आता वासूभाऊ नाही, आणि खरं सांगतो, त्याच्यासारखं चिडवणारं कोणी उरलं नाही.

* * *

पारशिवनीकडच्या एका शेतकऱ्याचा ट्रान्झिस्टर विहिरीत पडला. वासूभाऊनं निरोप धाडला, "वाळवू नको. हवा लागली का गंज चढते. गोड्या पाण्यात ठेवूनच आन."

त्या माणसानं निरोप अक्षरशः पाळला! भरलेली बादली मांडीवर घेऊन एस.टी.त बसला. कंडक्टरनं वाकून विचारलं, "मासोळी हाये का?"

"नाई जी. रेडिओ हाये."

अख्खी गाडी हसली म्हणे. पण चौथ्या दिवशी तोच रेडिओ बाजारभाव सांगायला लागला. वासूभाऊ म्हणाला, "मानसाले पोहता येवो न येवो, सामानाले शिकवता येते!"

* * *

वायरीचा जोड दिला की वासूभाऊ त्यावर सुती धागा घट्ट गुंडाळायचा. घरचीच सवय, बोटं आपोआप फिरायची. मग वरून राळ आणि मेण. एकेका जोडाला अर्धा तास!

आमचा मॅनेजर पुण्याकडचा, इस्त्रीचा शर्ट. तो म्हणाला, "वासुदेव, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे की धोतर?"

"साहेब, धोतर सुटलं तर लाज जाते. वायर सुटली तर जीव जाते!"

मॅनेजरचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं बाप्पा!

* * *

मग तो डबा आला. कन्हानपलीकडे एक बंद पडलेली कोळशाची खाण पाण्यानं भरली होती, आणि तळाशी पंप अडकले होते. ते शोधायला एक माणूस आत बसून खाली जाईल असा लोखंडी डबा करायचं काम मालकानं घेतलं. आत एक दिवा, वर बोलायला टेलिफोन आणि एक गोल खिडकी.

आम्ही आयुष्यभर टाक्या केलेल्या. पाणी आत ठेवायची आम्हाला सवय होती, बाहेर ठेवायची नव्हती!

खिडकीला जाड प्लास्टिक हवं होतं. ते मुंबईहून यायला महिना लागणार. मॅनेजर म्हणाला, "थांबायला वेळ नाही." आणि दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून अर्धा इंची तुकडा आणला. इकडे वासूभाऊनं आपल्या रेकॉर्डरसाठी जाड पाइपाचा तुकडा घेतला, दोन्ही तोंडांना झाकणं बसवली, माइकची वायर राळेनं बुजवून बाहेर काढली. डब्यात बसून तोच जाणार होता, आणि खाली जे दिसेल ते बोलून ठेवायचं होतं, म्हणून हा खटाटोप.

"पाहा साहेब," तो म्हणाला, "मशीनच्या झाकनाले आठ बोल्ट, अन् मानसाच्या खिडकीले सहा!"

* * *

डब्याची टेस्ट कशी केली असेल? कोंबडी बसवली! वर्कशॉपमागच्या विहिरीत तीस फूट सोडली आणि वर काढली. कोंबडी ठणठणीत. मालकानं टाळ्या वाजवल्या, "टेस्ट पास!"

"तिले विचारा तरी," वासूभाऊ म्हणाला, "शंभर फुटाले येशीन का वं म्हनून."

दुपारी त्याच कोंबडीचा रस्सा झाला. वासूभाऊ जेवला नाही. मी बाजूला घेऊन विचारलं, "एवढा भरोसा नाई, तर मग जाऊन काहून राहिला?"

"मी नाई बसलो तर नव्या वेल्डरले बसवतीन. त्याच्या लग्नाले महिना नाई झाला, गड्या."

* * *

हा किस्सा टपरीवर कोणी सांगत नाही. मी सांगतो.

खाणीच्या तोंडाशी मी विंचवर, मॅनेजर टेलिफोनवर. त्यानं हात हलवला की मी दोर सोडायचा. ऐंशी फुटांवर मॅनेजरनं बराच वेळ फोन कानाला धरला. मग हात खाली केला, अजून सोड. मी सोडला. थोड्या वेळानं पाण्यावर मोठमोठे बुडबुडे आले. मी उलटी विंच मारली, पण पाण्यानं भरलेला डबा त्या दोराला झेपला नाही. दोर तुटला. मी रिकामा दोर गुंडाळत बसलो होतो, मला कळत नव्हतं काय करून राहिलो.

मॅनेजरनं लिहून दिलं, फोनवर काहीच ऐकू आलं नाही. खिडकीचा बोल्ट वासुदेवनंच ढिला ठेवला असावा. मॅनेजर लेकाचा! मोहल्ल्यातही तेच पसरलं. "सोताच्याच चुकीनं गेला." वासूभाऊची बायको, शकुंतलावहिनी, पाण्याला नळावर गेल्या की बाया गप्प व्हायच्या. त्यांनी मला एकच विचारलं, "भाऊजी, ते असे इसरभोळे होते का जी?"

मी म्हणालो, नाही. पण माझ्या नाही म्हणण्याला कोण विचारतो?

* * *

बावीस दिवसांनी डबा वर निघाला. खिडकी फुटलेली, सहाही बोल्ट जागच्या जागी. रेकॉर्डरचा पाइप चिखलात लडबडलेला. झाकण घट्ट दिसत होतं, तरी मी तो पाण्याच्या बादलीतच ठेवला आणि चौकशीवाल्या साहेबांच्या टेबलापर्यंत तसाच नेला. साहेब म्हणाले, "हे काय?"

"त्याचीच शिकवण हाये साहेब."

आठ बोल्ट खोलले. आत रेकॉर्डर कोरडा ठाक! सेल तेवढे उतरले होते. नवे घातले, कॅसेट थोडी मागे फिरवली, बटण दाबलं.

"ऐंशी फूट. साहेब, खिडकी करकरून राहिली. वर घ्या." मग टेलिफोनच्या भोंग्यातून बारीक, पण स्पष्ट, मॅनेजरचा आवाज. "अजून दहा फूट जा, मग घेतो." पुन्हा वासूभाऊ, "वर घ्या, साहेब!" पुन्हा तोच, "दहा फूट."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मॅनेजर खिडकीबाहेर पाहत होता. साहेबांनी विचारलं, "विंचवर कोण होतं?"

मी हात वर केला. ते दहा फूट मी सोडले होते. मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

वासूभाऊची काहीही चूक नव्हती, असं कागदावर आलं. वहिनींनी तो कागद चारदा वाचून घेतला, नळावर नेला आणि तिथं मोठ्यानं वाचायला लावला.

* * *

मग एक दिवस त्यांनी बोलावलं. "भाऊजी, मलेही ऐकू द्या ना."

मी रेकॉर्डर घेऊन गेलो. त्या जमिनीवर बसल्या, पदर सावरला. मी बटण दाबलं.

"वीस फूट. भिंतीले शेवाळ हाये." वहिनींनी मान हलवली. "चाळीस. थंडी वाजून राहिली गड्या, स्वेटर आनाले पाह्यजे होता." त्या पुटपुटल्या, "म्या म्हनलं होतं." "साठ फूट. अन् आज डब्यातल्या मेथीत शकू मीठ इसरली हाये, हेही रेकॉर्डवर राहू द्या!"

वहिनी हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसल्या.

"सत्तर फूट," वासूभाऊ म्हणाला.

वहिनींनी पटकन हात रेकॉर्डरवर ठेवला. "बंद करा."

"वहिनी, पुढंच तर त्याचं नाव साफ होते. तेवढं तरी ऐका."

"ते साहेबाईनं ऐकलं ना? झालं तर. मागं फिरवा अन् पुन्हा लावा, भाऊजी. पन इथंच थांबवत जा. इथपावतर ते बरे हायेत."