पप्पांचं निवेदन मी लिहिलं होतं

आमच्या घरातले अर्ज मी लिहायचे. आठवीत होते तेव्हापासून. रेशनकार्डावर धाकट्या बहिणीचं नाव चढवायचं असो, नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार असो, नाहीतर माझीच फी-सवलत असो, कागद माझ्यापुढे यायचा. पप्पा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांना वाचता यायचं, पण एकेक अक्षर लावत. कार्यालयातली मराठी पुढे आली की ते कागद सरळ माझ्याकडे सरकवायचे. "घे माय, हे तुह्या कामाचं हाय," म्हणायचे. मी लिहायचे आणि ते न वाचता सही करायचे.

अर्ज कसा लिहावा हे मला शाळेच्या कार्यालयातल्या एका बाईंनी शिकवलं होतं. आधी आपली अडचण सांगायची, सगळी, काही लपवायचं नाही. ज्यांना अर्ज करतोय त्यांना कुठेही दोष द्यायचा नाही. दुसऱ्या कुणाबद्दल वाईट लिहायचं नाही. आपण किती कष्टाळू आहोत ते दिसलं पाहिजे, आणि शेवटी नम्र विनंती. या रीतीने लिहिलेला माझा एकही अर्ज परत आला नव्हता. कॉलेजातला माझा प्रवेशही अशाच एका अर्जामुळे झाला, निदान मला तसं वाटायचं. आमच्या दोन्हीकडच्या नात्यांत कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आपल्याला लिहिता येतं, म्हणजे आपलं आता कुणी काही वाकडं करू शकत नाही, असं मी खरंच धरून चालले होते.

आम्ही वाशीमकडचे. पप्पा पुण्यात आले आणि धायरीत दोन खोल्या घेऊन राहिले. ते ड्रायव्हर होते. हिंजवडीला कंपन्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा तिथल्या माणसांना घरून नेणं आणि परत सोडणं हे एक नवंच काम शहरात तयार झालं. पप्पा एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या गाडीवर लागले, रात्रपाळीला. सकाळी शेवटचा माणूस त्याच्या दारात उतरवला की ते घरी यायचे, चहा घेऊन झोपायचे. ते झोपले की आई आम्हाला भांड्याचा आवाजसुद्धा करू द्यायची नाही. "गाडीवरचा माणूस आहे. झोप मोडली की जिवाशी खेळ," म्हणायची.

त्या दिवशी शेवटचा माणूस उतरवून झाल्यावर पप्पांना मालकांचा फोन आला. सकाळचा ड्रायव्हर आला नव्हता. वारज्याहून तिघांना घेऊन कंपनीत पोचवायचं होतं.

"साहेब, रात्रभर गाडीवरच हाय मी," पप्पा म्हणाले.

"अहो, तासाभराचं तर काम आहे. नसेल जमत तर तसं सांगा. दुसरा बघतो."

'दुसरा बघतो' म्हणजे फक्त त्या सकाळपुरता नाही, हे गाडीवरच्या सगळ्यांना कळायचं. पप्पा गेले.

वारज्याच्या पुढे महामार्गावरचा दुभाजक एके ठिकाणी फोडलेला होता. पलीकडे इमारतींची कामं चालू होती आणि तिकडे जाणारी माणसं लांबचा वळसा टाळायला त्या फटीतून यायची. एक गवंडी सायकलवरून तसाच आला आणि उलट्या बाजूने समोर निघाला. पप्पांनी ब्रेक दाबला, पण गाडी थांबायच्या आत त्याला लागली. त्याला उचलून त्याच गाडीतून पप्पांनीच दवाखान्यात नेलं. गाडीतले तिघे रिक्षा करून कामावर गेले. दुपारी तो माणूस वारला.

पप्पांवर हयगयीने गाडी चालवून मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा दाखल झाला. लायसन्स जमा झालं. संध्याकाळी जामिनावर घरी आले तेव्हा शर्टाची एक बाही त्यांनी दुमडून वर सरकवलेली होती. का, ते आईला लगेच कळलं, मला उशिरा, शर्ट धुताना बाहीवर रक्त दिसलं तेव्हा.

"डोळे उघडे होते माहे," ते आईला म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. जेवताना तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज विचारल्यासारखा झाला होता, "उघडेच होते ना?" आई पोळी वाढत राहिली.

दोन दिवसांनी मालक घरी आले. वाईट माणूस वाटले नाहीत, आजही सांगायचं तर तसंच सांगेन. येताना बहिणीसाठी बिस्किटं आणली होती. म्हणाले, "गाडीच्या विम्यासाठी ड्रायव्हरचं लेखी निवेदन लागतं. काय घडलं ते तुमच्या शब्दांत. कॉलेजात आहे ना मुलगी? तिच्याकडून घ्या लिहून."

मी टेबलाशी बसले. टेबल म्हणजे शिलाई मशीनचं झाकण. पप्पा पलंगावर बसून छताकडे बघत होते. मी विचारलं, "पप्पा, काय लिहू?" ते म्हणाले, "झालं ते लिही."

मला वाटलं, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा अर्ज आहे. हा वाचून कुणाच्या तरी मनात दया आली पाहिजे. म्हणून मी माझ्या रीतीने लिहिलं. आधी अडचण: 'मी आदल्या दिवशी सायंकाळपासून सलग जागा होतो.' मग कष्ट: 'अंगात थकवा असूनही मी कामात खंड पडू दिला नाही.' मग उपकार: 'मालकांची अडचण ओळखून सकाळची फेरी मी स्वखुशीने केली.' गवंडी उलट्या बाजूने, फोडलेल्या दुभाजकातून आला हे लिहायला मी पेन टेकवलं होतं. पण मेलेल्या माणसाच्या चुका काय लिहायच्या, ते बरं दिसत नाही, असं वाटलं. मी ते वाक्य सोडून दिलं. 'सदर इसम माझ्या गाडीखाली आला' एवढंच लिहिलं. शेवटी, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.

पप्पांनी सही केली. मालकांनी उभ्या उभ्या वाचलं. मधेच थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागद नीट घडी करून खिशात ठेवला. "छान लिहिलंय," म्हणाले.

पुढे बरेच महिने काहीच झालं नाही. लायसन्स नव्हतं म्हणून पप्पा एका गॅरेजमध्ये गाड्या धुवायला जात होते. मग कोर्टाचे कागद आले आणि ओळखीतून आम्ही कसबा पेठेत एका वकिलांकडे गेलो. त्यांच्या खोलीच्या खाली तांब्याची भांडी ठोकत होते, त्यामुळे ते मोठ्याने बोलायचे, किंवा त्यांची सवयच तशी असेल. त्यांनी कागद चाळले. मालकांनी निवेदन विम्याला दिलं होतं आणि पोलिसांनाही. आपण कुणावर जबरदस्ती केली नाही हे दाखवायला त्यांना तेवढा कागद पुरला होता.

"हे कोणी लिहिलं?" वकिलांनी विचारलं.

मी म्हणाले, "मी."

"अक्षर सुरेख आहे. सरकारी वकिलाला आता काही काम उरलं नाही. त्यांना पेढे नेऊन द्या." मग चष्मा काढून पप्पांकडे वळले. "अहो, सायकलवाला उलट्या बाजूने आला होता, पंचनाम्यात दुभाजक फोडलेला आहे. आपल्या हातात होतं सगळं. पण झोप झालेली नाही हे माहीत असून माणूस स्वखुशीने गाडीवर बसला, हे त्यानेच लिहून दिल्यावर मी काय बोलू? हयगय म्हणजे आणखी काय असतं?"

पप्पा म्हणाले, "तिनं खरंच लिहिलं, साहेब."

"खरं कुठे आणि किती लिहायचं याला अक्कल लागते," वकील म्हणाले. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा. त्यांनी खालच्या दुकानातून चहा मागवला.

साक्षीच्या पहिल्या तारखेला शिवाजीनगरच्या कोर्टात मी पप्पांच्या आधी पोचले. बाकावर एक बाई बसल्या होत्या. हिरव्या काठाची साडी, पायात रबरी चप्पल. त्यांनी हातातला कागद माझ्यापुढे धरला. "पोरी, कॉलेजात जातेस ना? बघ गं, कुठल्या खोलीत जायाचं ते." ते साक्षीचं समन्स होतं. मी वाचलं. आरोपीच्या जागी पप्पांचं नाव होतं, आणि साक्षीदाराच्या नावापुढे 'मयताची पत्नी'. मी त्यांना खोली सांगितली, किती वाजता पुकारा होईल तेही सांगितलं. मी कोण ते सांगितलं नाही. "शिकलेलं माणूस भेटलं, बरं झालं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पप्पा आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले, तेव्हा त्या बाईंनी आमच्याकडे पाहिलं. पप्पांना त्यांनी दवाखान्यात पाहिलेलं असणार. पदर ओढून घेतला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

वकिलांनी एकच वाट शोधली होती. साक्षीपुरावे संपले की न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. तेव्हा पप्पांनी सांगायचं, की हे निवेदन मी वाचलं नव्हतं, मुलीने तिच्या मनाने लिहिलं, मला फक्त सही करायला सांगितली. मग मला साक्षीला बोलवायचं आणि मी तेच सांगायचं. ते खरंही होतं. मी तर त्या दिवसाची वाट बघत होते. उलटतपासणीत मला काय काय विचारतील ते वकिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं. 'तुम्ही खोटं लिहिलंत की खोटं बोलताय?' असंही विचारतील, म्हणाले. मी म्हटलं, विचारू द्या. पप्पा खाली मान घालून ऐकत होते. आम्हाला वाटलं, त्यांना पटलंय.

त्या दिवशी न्यायाधीशांनी कागद उचलून विचारलं, "या निवेदनावरची सही तुमची आहे का?"

"हो साहेब."

"त्यातला मजकूर तुम्हाला माहीत होता का?"

पप्पांनी मागे वळून पाहिलं. मी दाराजवळ उभी होते, हातात कॉलेजची पिशवी घेऊन. वकिलांनी घसा खाकरला.

"होता साहेब. वाचून सही केली मी. मीच सांगितलं, तिनं लिहून घेतलं."

पप्पा माझ्यासमोर खोटं बोलल्याचं मला तेवढंच आठवतं.

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "अहो, असं का केलंत?"

"तिले तिथं उभं करून खोटारडी म्हणले असते," पप्पा म्हणाले. "तिचं शिक्षण चालू हाय."

"तुमचं काय चालू आहे ते कळतंय का तुम्हाला?"

"कळते ना साहेब."

पप्पांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात अपील केलं, ते फेटाळलं गेलं. ते आत गेले त्या सकाळी आईने डबा करून दिला होता. आत बाहेरचं नेऊ देत नाहीत हे आमच्या तिघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. आई तो डबा तसाच परत घेऊन आली. मी त्या वर्षी पदवीच्या परीक्षेला बसले आणि पास झाले. निकाल घेऊन भेटीला गेले तेव्हा जाळीच्या पलीकडून त्यांनी सगळे विषय एकेक करून विचारले. मराठीचे गुण ऐकून ते हसले.

परत आले तेव्हा ते बारीक झाले होते. गाडीवर ते पुन्हा बसले नाहीत. कुणी शेजाऱ्याने नुसती बाजूला लावायला सांगितली तरी म्हणायचे, "माह्याकडं लायसन्स नाही."

एका रविवारी गॅसच्या कनेक्शनचा अर्ज भरायचा होता. मी भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पेन घेतलं. मी म्हणाले, "पप्पा, वाचून सही करा."

"तू लिहिलंय ना?"

"तरी वाचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. शर्टाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. निवेदनाची झेरॉक्स. वकिलांकडून त्यांनी कधी मागून घेतली ते मला माहीत नव्हतं. घड्यांवर शाई पांढरी पडली होती.

"हे वाचलं मी तिथं," ते म्हणाले. "लई खेपा वाचलं. आता न अडखळता येते मले."

त्यांनी कागद मशीनच्या झाकणावर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाकी सगळं बराबर हाय. माय, तू मनातलं लिहिलं माह्या. पण हा एक शब्द..." ते अडखळले नाहीत, नीट वाचला त्यांनी तो. "स्वखुशीने. स्वखुशीनं नव्हतो गेलो मी."

मग कागद घडी करून परत खिशात ठेवला, गॅसचा अर्ज पुढे ओढला आणि न वाचता सही केली.