टेकडीवरची माझी आग

बँकेतून निवृत्त झाले त्याच वर्षी मी वणवे रोखणाऱ्या गटात सामील झाले. कात्रजला आमच्या सोसायटीच्या मागे वनखात्याची टेकडी आहे. दर उन्हाळ्यात ती कुठून ना कुठून पेटायची. आम्ही गच्चीत उभ्या राहून बघायचो, "कोण लावतं हो हे?" असं एकमेकींना विचारायचो आणि वाळत घातलेल्या चादरींवर राख पडू नये म्हणून त्या आत ओढायचो. नोकरीत असताना माझा टेकडीशी संबंध एवढाच.

गटात पंधरा-सोळा जण होते. प्रमुख एक निवृत्त इंजिनिअर, त्यांना सगळे साहेब म्हणत. दोन-तीन तरुण मुली हिंजवडीच्या कंपन्यांतल्या. त्या घड्याळाकडे बघत काम करत, कारण कंपनीची बस चुकली की दिवस गेला. आणि खालच्या जुन्या गावातले चार-पाच जण. त्यांच्यात मामा होते. वय सत्तरीच्या आसपास, अंगानं काटकुळे. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्या भावकीची. आता त्यांच्याकडे अकरा शेळ्या होत्या आणि त्या टेकडीवर चारायची वनखात्याची तोंडी परवानगी.

आम्हाला वणव्याबद्दल जे काही कळलं ते मामांकडून. चिमूटभर गवत हातातून सोडून ते वारा बघायचे. "आग चढती बाई," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "उतरायला तिला येळ लागतो. म्हनून वरच्या अंगाला कधी हुबं ऱ्हायचं न्हाई." मी मान डोलावली आणि लगेच त्यांच्या खिशातल्या बिडीबंडलाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे, मामा? हे टेकडीवर चालतं का?" वनखात्याचं पत्रक मी नुकतंच पाठ केलं होतं. बिडीच्या थोटकाने काय काय होतं ते मी त्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मी वर बिडी वढत न्हाई," एवढंच म्हणाले. मुली हसल्या. मलाही आपण बरं बोललो असं वाटलं.

होळीच्या आधी, गवत पुरतं वाळलं की आम्ही जाळरेषा करायचो. म्हणजे उतारावर आडवा, दहा-बारा पावलं रुंद पट्टा आखायचा आणि त्यातलं गवत आपणच, पहाटेच्या दवात, वारा पडलेला असताना जाळून टाकायचं. पुढे खरी आग आली तरी तिला तिथे खायला काही मिळत नाही. या कामात एक नियम होता, तोही मामांनीच घालून दिलेला. सगळे गेले तरी दोघांनी मागे थांबायचं, पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा आणि जिथे धूर दिसेल तिथली राख हाताला गार लागेपर्यंत हलायचं नाही.

एका वर्षी पट्टा जाळला त्या दिवशी मागे थांबायची पाळी माझी आणि हिंजवडीच्या एका मुलीची होती. तिची बस होती, म्हणून मीच तिला म्हणाले, "जा गं तू, मी बघते." पट्ट्याच्या वरच्या कडेला शेणाचा एक वाळका पो धुमसत होता. त्यातून दोऱ्याएवढा धूर येत होता. माझ्याकडे बाटलीत अर्धं पाणी होतं. ते मी त्यावर ओतलं. फस्सकन आवाज झाला, धूर थांबला. मी हात लावून पाहिला नाही. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेही नाही.

मला घाई कशाची होती, हे मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. कशाचीच नव्हती. घरी कोणी आजारी नव्हतं, पाहुणे यायचे नव्हते. भूक लागली होती, कंटाळा आला होता, आणि मंडईत मटार छान आलाय असं मैत्रीण म्हणाली होती. उतरताना टेकडीच्या पलीकडच्या सोंडेवर मामा शेळ्या घेऊन चढताना दिसले. मी हात केला. त्यांनीही केला.

मंडईत मी मटाराच्या ढिगापाशी शेंगा निवडत असताना साहेबांचा फोन आला. "टेकडी पेटलीय. कुठे आहात?" मी रिक्षा केली. स्वारगेटचा सिग्नल, पुढची गर्दी, सगळ्या वाटेत मी स्वतःला सांगत होते की तो पो विझला होता.

पोहोचले तेव्हा दुपारचा वारा सुटला होता आणि वरचा अख्खा उतार पेटला होता. लोक निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी ज्वाळा झोडपत होते. सगळ्यांच्या पुढे मामा होते. ते सर्वांत आधी पोहोचले होते, एकटेच, शेळ्या सोडून. डोक्याचं मुंडासं ओलं करून त्यांनी तोंडाला बांधलं होतं. धुरातून नाकतोडे उडत होते आणि त्यांना टिपायला कोतवाल पक्षी अगदी ज्वाळांवर येऊन झेपावत होते. मीही एक फांदी घेतली आणि जीव खाऊन झोडपत राहिले. आग आटोक्यात आली तेव्हा ऊन कललं होतं. आम्ही पाच पावसाळे वाढवलेली मोई, खैर, पळसाची रोपं गेली होती. मामांच्या उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत सोलली होती.

खाली सगळे टेकलो. वनरक्षक, एक तरुण बाई, वही काढून विचारू लागली, "सकाळी इथे शेवटी कोण होतं?"

मी म्हणाले, "मी पट्टा बघून उतरले तेव्हा सगळं शांत होतं. मामा शेळ्या घेऊन वर येत होते."

यातलं एक वाक्यही धड खोटं नव्हतं. पण सगळ्यांच्या नजरा मामांच्या खिशाकडे गेल्या. बिडीबंडल तिथेच होतं.

"मी पलीकडं व्हतो," मामा म्हणाले. "आग पट्ट्याकडनं सुटली. वारा बगा की, मी तितनं पेटवली आसती तर ती ह्या उताराला आली आसती व्हय?"

"मामा, आता पट्ट्यावर ढकलू नका," साहेब म्हणाले. "चूक झाली असेल तर म्हणा, झाली."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी जळलेल्या बुटांच्या लेसशी खेळत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी वर गेले. काळा पडलेला उतार कुठून सुरू होतो ते पोरालाही कळलं असतं. पट्ट्याच्या वरच्या कडेला तो पो होता, आतून पांढरा होऊन पोकळ झालेला. मी तो बुटाने चिरडला आणि राख चारी दिशांना पसरवली. मग आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं. साठी ओलांडलेली, बँकेत तीस-बत्तीस वर्षं चोख नोकरी केलेली बाई मी.

मामांची टेकडीवरची चराई बंद झाली. ते गटातही येईनासे झाले. "राग आला असेल," मुली म्हणाल्या. मी म्हणाले, "असेल." असे तीन आठवडे गेले.

एका सकाळी भाजी आणायला निघाले तर गावाच्या कोपऱ्यावर टेम्पो उभा होता आणि त्यात शेळ्या चढवत होते. मामी बाजूला उभ्या होत्या. मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "कुठे चालल्या?"

"इकल्या," मामी म्हणाल्या. "डोंगर बंद झाला. हितं सिमेंटात बांधून काय खायला घालू?" एक शेळी चढायला तयार नव्हती. मामा तिला डाव्या हाताने ढकलत होते. उजवा अजून फडक्यात होता.

मी भाजी न घेता घरी आले. त्याच दुपारी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन सगळं लिहून दिलं, राख पसरवली तेही. वनरक्षक बाईने दोनदा वाचलं. "तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. मी म्हणाले, "लाज वाटत होती." ती म्हणाली, "मग त्यांना काय वाटत असेल?"

रविवारी गटासमोर सांगितलं. हिंजवडीची ती मुलगी रडायला लागली, म्हणाली, "मी थांबायला हवं होतं." तिला गप्प करणंही मला जमेना. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मीही त्यांचं ऐकलं नाही." त्यांनी माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मग मी मामांच्या घरी गेले. ते ओसरीत बसले होते. मी उभ्यानेच बोलले. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "मला ठाव व्हतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" असं मी विचारून बसले.

"बोललो की बाई," ते म्हणाले. "तुमी समदे बसला व्हता की तितं. कुनी आयकलं?"

आतून मामींनी चहा आणला. तो नको म्हणायचा मला अधिकार नव्हता, म्हणून प्यायले.

चराईची परवानगी महिन्याभरात परत मिळाली, पण शेळ्या गेल्या त्या गेल्या. साहेब स्वतः घरी जाऊन माफी मागून आले आणि पुढच्या वर्षीपासून मामा गटात यायला लागले. हात बरा झाला, पण दोन बोटं नीट मिटत नाहीत. कोयता ते डाव्या हाताने धरतात. मला कोणी गटातून काढलं नाही. फक्त मागे थांबायच्या यादीत माझी पाळी कधी येत नाही. त्याबद्दल कोणी बोलत नाही, मीही विचारलं नाही. मी गवत कापते, दंताळ्याने ओढते आणि इतरांबरोबर खाली उतरते.

मामा वाटेत भेटले की "बरं हाय का बाई?" असं विचारतात, पूर्वीसारखंच. मी "बरं आहे मामा" म्हणते आणि त्यांच्या हाताकडे न बघता पुढे जाते.