साडूच्या जीपचे मडफ्लॅप

चाकामागं लोंबणाऱ्या रबरावर पोटच्या पोरासारखं प्रेम करणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला काय म्हणायचं! मी थोरला जावई, भिसेगावात राहणारा शिक्षक. हा धाकटा, खालापूरकडचा, सुट्टी मिळाली की डोंगरातल्या दगडधोंड्यांत जीप घालणारा. पण कडावला आमच्या सासरी "जावई आले!" असा गलका झाला, की तो आलाय असं खुशाल समजावं. मी गेलो की सासूबाई म्हणतात, "आलात? बसा." जळतो मी. उघड सांगतो, जळतो. थोरल्या जावयाचा मान माझा आहे आणि तो मला हवा आहे, एवढंच माझं म्हणणं.

त्या पावसाळ्यात त्यानं जीपला मडफ्लॅप बसवायचं मनावर घेतलं. दुसरा कुणी दुकानात गेला असता, जोडी उचलली असती, बोल्ट आवळून मोकळा झाला असता. छे! हा पिशवीत रबराचे तुकडे घालून लग्नकार्यात हिंडायचा. नवरदेवाच्या मामाला कोपऱ्यात घेऊन म्हणायचा, "वाकवून बगा, मामा. रबराला जीव पायजे. प्लास्टिक दगडाला लागलं की पापडावानी तडकतं." आणि मामा वाकवून बघायचे! मी असलं काही केलं असतं तर मंडपातून हाकलला गेलो असतो. रबर ठरलं, तर लांबीचं घोडं अडलं. लांब फ्लॅप गाडी मागं घेताना चाकाखाली येऊन फाटतो, आखूड लावला तर चिखल अडत नाही. दहिवलीचा गॅरेजवाला शेवटी वैतागला. "डोंगरात जाताय ना? मग आखूड लावा आन् मला सोडा." हा म्हणाला, "आन् रस्त्यानं चालणाऱ्या बायांच्या लुगड्यांचं काय रं?" शेवटी त्यानं चांगले घोट्याएवढे खाली येणारे फ्लॅप बसवून घेतले, त्यांना खाली कडी आणि वर हूक. दगडात शिरायचं असलं की उतरून फ्लॅप वर अडकवायचे, सडकेला लागलं की पुन्हा उतरून सोडायचे. "डोंगरात कासोटा, गावात पदर," असं तो सांगायचा आणि माझी सख्खी बायको पोट धरून हसायची. माझ्या विनोदाला ती शेवटची कधी हसली, ते तिलाही आठवणार नाही.

अधिक महिना लागला आणि कडावला दोघा जावयांना धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. बायका आदल्या दिवशीच माहेरी गेल्या होत्या. मी पांढराशुभ्र झब्बा घालून स्कूटरवर निघालो. आज पहिला पाट माझा, या खुशीत होतो. सासऱ्यांच्या घराआधी ओढा लागतो. जीप पाण्यातून पलीकडे गेलेली, आणि साडू खाली उतरून फ्लॅप सोडत होता. उजवा सोडला, तेवढ्यात त्याला मी साकवावर दिसलो. "दादा, थांबा! शेवाळ हाय!" म्हणत पळत आला, एका हातानं स्कूटर आणि दुसऱ्या हातानं मला धरून पार केलं, आणि जीपमध्ये बसून निघाला. डावा फ्लॅप वर तसाच राहिला. मी डावीकडूनच मागोमाग. पुढं काय झालं ते सांगायला नको. झब्ब्याचा रंग चिखलानं ठरवला.

अंगणात उतरलो तेव्हा मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता याची गय नाही! पण साडूनं माझ्याकडे एकदा आणि त्या फ्लॅपकडे एकदा पाहिलं, आणि कान पकडले. "दादा, माजी चूक. तुमाला धरायच्या नादात इसरलो." मग अंगातला कोरा शर्ट काढून माझ्या हातात दिला, मला न्हाणीकडे नेलं, आणि सगळ्यांना बजावलं, "आदी दादा पाटावर बसतील. त्याबिगर मी घास नाय घेणार."

पहिला पाट मला मिळाला. ओवाळणं आधी माझं, वाढणंही आधी माझं. हवं होतं ते सगळं मिळालं. आणि शेजारी तो बनियनवर बसलेला. "अगं बाय, जावई उगडे बसल्यात! शाल आण गं!" सासूबाईंचा जीव खालीवर. माझ्या धोंड्यांवर रीतीपुरतं तूप पडलं, त्याच्या पानात धार थांबेना. सासरे दर घासाला विचारत होते, "थंडी नाय ना वाजत?" मला कुणी काही विचारलं नाही. मला कशाला कोण विचारेल? मी कोरडा होतो, त्याच्या शर्टात.

तो शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलाय. बायको म्हणते, परत द्या की हो. त्यानं मागितलेला नाही, मी दिलेला नाही. घरात कुणी नसलं की कधीतरी अंगात घालून आरशासमोर उभा राहतो. खांद्यांत सैल होतो.