मराठीत सांगा ना, बाई

रेवा, अर्णव,

हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं, तुमच्या आईला तर नाहीच. आजोबा गेले तेव्हा वाटलं, चला, आता विचारणारं कुणी उरलं नाही. आणि मग गेल्या आठवड्यात तुमच्या आईने तो फोटो पाठवला. रेवाच्या शाळेतला तक्ता, त्यावर माझं जुनं छायाचित्र, आणि खाली रेवाने लिहिलेलं — माझी आजी मुंबईच्या शाळेत मुलांना एचआयव्हीबद्दल शिकवायची, जेव्हा बाकीचे त्याचं नावही घ्यायला लाजत.

ते खोटं नाही. मी शिकवलं. तिथेच तर सगळं आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, हिशेबसुद्धा मी मनात इंग्रजीत करते. पण हे मराठीतच लिहिणार आहे. अडलं तर आईकडून वाचून घ्या. तिलाही कळू दे.

आमची मालाडची शाळा मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक कोकणातल्या कुटुंबांमधली. कुणाचे आजोबा गिरणीत होते. वडील आता रिक्षा चालवायचे, नाहीतर कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर बसायचे. मी विज्ञान शिकवायची. शिस्तीची, टापटिपीची बाई म्हणून माझं नाव होतं. आणि प्रजननाचा धडा आला की आमच्या शाळेत एक रीत होती — "हा घरी वाचून या." सगळेच म्हणत. मीही वर्षानुवर्षं म्हटलं. मुलं माना खाली घालून हसायची, मी पुढचं पान उलटायची. घरी कोण वाचणार होतं? आणि वाचून विचारणार कुणाला?

मग एका वर्षी शाळेने मला सरकारी प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे सगळं मराठीत, सरळ सांगितलं. एचआयव्ही कशाने होतो, कशाने होत नाही. निरोध कसा वापरायचा, तेसुद्धा. वेळेवर गोळ्या सुरू केल्या तर माणूस वर्षानुवर्षं चांगला जगतो, त्या सरकारी रुग्णालयात फुकट मिळतात, हेही. मुलांना समजेल अशा शब्दांत बोला, एवढंच त्यांचं मागणं होतं. मला सगळं समजलं होतं. हे विसरू नका — मला समजलं होतं.

परत आले, दहावीच्या वर्गावर गेले. मागे तपासणीला आलेले साहेब बसले होते. मी फळ्यावर तक्ता टांगला, पट्टी हातात घेतली, आणि तो अख्खा धडा इंग्रजीत घेतला.

का? इंग्रजीत ते शब्द माझ्या अंगाला लागत नव्हते. इंटरकोर्स, ट्रान्समिशन, बॉडी फ्लुइड्स — स्पिरिटने पुसल्यासारखे शब्द. तेच मराठीत उच्चारायचे? माझ्या तोंडून? चांगल्या घरच्या बाईच्या? आपलं नाव जपायला मुलांना अडाणी ठेवावं लागलं, तर ठेवलं.

मध्येच एक मुलगा ओरडला, "मराठीत सांगा ना, बाई!" वर्ग खुसखुसला. मी त्याला तास संपेपर्यंत उभं ठेवलं.

विषय किती सभ्यपणे हाताळलात, असं साहेब म्हणाले. आणि शिक्षकांच्या खोलीत दीक्षितबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हुशार गं तू! धडाही झाला आणि कार्ट्यांना कळलंही नाही!" सगळ्या हसल्या. मीही हसले. बहुतेक सगळ्यांत मोठ्याने.

एवढंच असतं तर मी तुम्हाला लिहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दीपाली नावाची मुलगी प्रयोगशाळेच्या दाराशी थांबली. शांत मुलगी, दुसऱ्या बाकावर बसायची. तिचा मोठा भाऊ महेश — तोही माझाच विद्यार्थी, 'घरी वाचून या'च्या वर्षांतला. दुबईला नोकरी लागली होती त्याला; जाण्याआधीच्या रक्ततपासणीत एचआयव्ही निघाला. हे तिने मला एका दमात सांगितलं. "आईने त्याचं ताट वेगळं केलंय, बाई. माझ्याशी पण बोलू देत नाही. काल तुम्ही ते इंग्लिशमध्ये सांगितलं ना... एका ताटात जेवलं तर होतो का?"

उत्तर केवढंसं होतं? नाही होत, बाळ. त्याच्याशेजारी बस, जेव, आणि त्याला उद्याच रुग्णालयात घेऊन जा.

समोरून दोन शिक्षिका येत होत्या. मी म्हणाले, "काल वर्गात सगळं सांगितलंय. लक्ष कुठे असतं तुझं?"

"सॉरी बाई," म्हणाली, आणि गेली.

गेल्या दिवाळीच्या आधी ती मला मालाडच्या बाजारात भेटली. चाळिशीकडे झुकलेली, हातात भाजीची पिशवी. "बाई, ओळखलंत?" मग घरचं बोलता बोलता महेशवर आली. "आम्हाला तुमचा तो धडा कळलाच नव्हता ओ. मी घरी आईला सांगितलं, आमच्या बाईंना मराठीत तोंडातून काढवलं नाही, एवढं घाणेरडं आहे ते. आई जाम घाबरली. दादाला गावी काकांकडे पाठवला. पडवीत झोपायचा एकटाच. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. तिथेच गेला."

रागाने नाही बोलली. जुनी गोष्ट सांगावी तसं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पण तेव्हा यावर काही इलाजच नव्हता ना, बाई?"

मी म्हणाले, "नव्हता गं. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं."

तुम्ही म्हणाल, आजीने तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं. नाही. ती काही तिच्यासाठी केलेली दया नव्हती. मला तिच्या डोळ्यांत बाईच राहायचं होतं.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तेच मी आईला सांगते," म्हणाली. "ती अजून रडते." मग भर बाजारात, पिशवी खाली ठेवून, ती माझ्या पायांशी वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला.