काकांच्या आवाजातलं गाऱ्हाणं

आता तुम्हाला वाटत असेल की पोरगी सोडून गेली, मग पोराने दाढी वाढवली, जिम लावली, छाती फुगवली आणि एक दिवस तिने त्याला मोठ्या गाडीतून उतरताना बघून डोळे पुसले. असलं काही वाचायला बसला असाल तर आधीच सांगतो, माझ्याकडे आईच्या नावावरची स्कूटर आहे आणि तिचा साइड स्टँड तुटलाय. दाढी मला फक्त डाव्या गालावर येते. जिम मात्र लावली होती. नऊ दिवस. दहाव्या दिवशी मला तिथल्या ट्रेनरची नक्कल इतकी छान जमली की त्यानेच हात जोडून सांगितलं, "भावा, तू उद्यापासून नको येऊस. हसताना पोरांच्या हातातली वजनं पडतायत."

नक्कल हा माझा लहानपणापासूनचा आजार. शाळेत सर यायच्या आधी मी दाराबाहेरून त्यांच्यासारखा खाकरायचो, अख्खा वर्ग उभा राहायचा. शेजारच्या काकूंच्या आवाजात मी त्यांच्याच नवऱ्याला बाजारात परत पाठवलंय, कोथिंबीर राहिली म्हणून. कॉलेजात ती भेटली तीसुद्धा ह्याच गुणावर. मी प्रिन्सिपॉल करत होतो, ती हसता हसता खाली बसली आणि मग दोन वर्षं आम्ही बरोबरच होतो.

संपलं ते रत्नागिरीत, मांडवीच्या जेट्टीवर, भेळ खाताना. ती म्हणाली, "घरी स्थळ आलंय. मुलगा चिपळूणचा आहे. बाबांनी मला विचारलंय, तुझ्या मनात कोणी आहे का. मी काय सांगू?"

 खरं उत्तर होतं, 'माझं नाव सांग, मी येऊन बोलतो.' एवढी सहा शब्दांची गोष्ट. पण मी उठलो, हात पाठीमागे बांधले, चष्मा नाकावर ओढल्यासारखं केलं आणि तिच्या बाबांच्या आवाजात म्हणालो, "त्या मुलाला आधी विचार, पुढं काय करणार आहेस? नुसतं हीही हाहा?"

ती हसली. ते हसणं अर्ध्यावर थांबलं.

"दोन वर्षांत तू मला अख्खी रत्नागिरी भेटवलीस," ती म्हणाली. "तू कधी भेटणार होतास?"

भेळ तिने संपवली. कागदाची पुडी नीट घडी करून पर्समध्ये ठेवली, कचरा टाकायची तिला सवय नाही. आणि गेली. मी दोन-चार दिवस थांबलो, राग जाईल म्हणून. राग नव्हताच तो, त्यामुळे जायचा प्रश्न नव्हता. मग मी फोन केला. तिने उचलला, शांतपणे 'नको आता' म्हणाली आणि ठेवला.

पुढचे दोन महिने मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही, कारण काहीच केलं नाही. फक्त एक सांगतो. सगळ्यात हुबेहूब नक्कल मला तिचीच यायची. एकदा घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी तिच्या आवाजात स्वतःला विचारलं, "जेवलास का?" इतकं तंतोतंत आलं की माझं मीच दाराकडे बघितलं. त्यानंतर दोन दिवस घास उतरला नाही. ती नक्कल तेव्हापासून बंद. मित्रांनी कितीदा सांगितलं, 'ती कर ना'. नाही केली.

मग मी एक नियम केला. रोज निदान एक वाक्य स्वतःच्या आवाजात बोलायचं, आणि त्यात गंमत घालायची नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. मी मिरजोळ्याला एका कंपनीत पॅकिंगला लागलो होतो. तिथे पहिलं वाक्य सुपरवायझरला बोललो, "सर, मला ते मोठं मशीन शिकायचंय."  सर म्हणाले, "ही कुणाची नक्कल? ओळखू नाही आली."

"माझीच, सर."

"बरी नाही जमलेली," ते म्हणाले. पण मशीन शिकवलं. चार महिन्यांत मी त्या मशीनवर बसलो. डिप्लोमाचा एक विषय तीन वेळा राहिला होता, तो सुटला. सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पळायला लागलो. बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, करायला शिकलो, पहिलं कुत्र्यानेही खाल्लं नाही, आता आई दुसऱ्यांदा मागून घेते. आईला यातलं कारण काही माहीत नव्हतं. पोरगी होती हेच माहीत नव्हतं, तर गेली हे कुठून कळणार? ती फक्त अधूनमधून विचारायची, "एवढा गप का असतोस रे? पोट साफ होतंय ना?"

हे असं सगळं बरं चाललेलं असताना राखण आली.

आमचं गाव लांज्याच्या आत. भातकापणी उरकली की शेताच्या कडेला जो राखणदार आहे, म्हणजे एक मोठा धोंडा आणि त्याच्यावरचं झाड, त्याला वाडीतर्फे नारळ आणि कोंबडा द्यायचा, ती राखण. त्याआधी एकाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात थोरले काका. म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. पंचवीस वर्षं तेच. आणि माझ्या सगळ्या नकलांमधली सगळ्यात जुनी, सगळ्यात गाजलेली नक्कल कुठली, तर थोरले काका गाऱ्हाणं घालताना. एकदा गणपतीला मी ती ओटीवर पोरांना करून दाखवत होतो आणि काका दारात उभे होते. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते.

यंदा ते कुणाशीच बोलत नव्हते. त्यांच्या घशातली गाठ काढली होती आणि डॉक्टरांनी महिनाभर तोंडातून अक्षर काढायला बंदी घातली होती. ते गळ्यात दोरीने वही-पेन अडकवून हिंडत होते. आम्ही आई-मुलगा स्कूटरवरून पोचलो तेव्हा सगळी वाडी झाडाखाली जमलेली आणि एकच वाद. गाऱ्हाणं कोण घालणार? कुणाला सुरुवात येत होती, कुणाला शेवट. मधलं कुणालाच नाही.

काकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे धरलं. मुंबईहून आलेला माझा चुलत दादा कोंबडा काखेत धरून उभा होता, त्याने मोठ्याने वाचलं, "ह्याला सांगा. ह्या माकडाला सगळं पाठ आहे."

चाळीस माणसं माझ्याकडे वळली. एक आजोबा म्हणाले, "हेच्यावर सोडताव? ह्यो देवाची पण नक्कल करील."

"नाय करणार," मी म्हणालो. ते त्या दिवसाचं माझं गंमत न घातलेलं वाक्य. आणि मला कळत होतं मी काय अंगावर घेतलंय. राखण चुकली की वर्षभरात कुणाचा पाय जरी मुरगळला तरी नाव माझंच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. इथे मी हसं केलं असतं, तर ती जेट्टीवर जे बोलली ते कायमचं खरं झालं असतं.

पुढे उभा राहिलो. हात जोडले. डोळे मिटले. स्वतःच्या आवाजात सुरुवात करायला गेलो आणि एक शब्द आठवेना. कोरा. मला ते गाऱ्हाणं फक्त काकांच्या आवाजात पाठ होतं. मागे कुणीतरी खोकलं. दादा कुजबुजला, "अरे सुरू कर, कोंबडा शिटतोय."

मग दुसरा इलाज नव्हता. मी मान डावीकडे कलवली, घसा दोनदा खाकरला आणि काकांच्या आवाजात सुरू झालो. "बा देवा म्हाराजा, सालाबादपरमाणं आज तुजी लेकरां तुज्या पायाशी उभी हत..."

"होय म्हाराजा."

आणि मग आलंच सगळं, नळ सोडल्यासारखं. "गुराढोरांची, पोराबाळांची राखण करतंस तशी करीत ऱ्हा..."

"होय म्हाराजा."

"अरे कोंबडो धर नीट, मागची पोरां गप ऱ्हावा..."

"होय म्हाराजा."

हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. काका दरवर्षी मधेच कुणाला तरी दटावतात, आणि मी लहानपणापासून ते गाऱ्हाण्यातलंच समजून पाठ केलं होतं. डोळे उघडून मागे बघितलं, पण कुणी हसलं नाही. दरवर्षी ऐकून वाडीलाही ते गाऱ्हाण्यातलंच वाटत असणार. दादाने तर कोंबडा खरंच नीट धरला. फक्त काकांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

ठरलेलं गाऱ्हाणं संपलं. पण त्यानंतर ज्याचं त्याचं असतं. कुणाच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलंय, कुणाच्या मुलाची मुंबईची नोकरी गेलीय, कुणाच्या विहिरीला पाणी लागत नाही. ते ज्याचं तो कानात सांगतो आणि गाऱ्हाणं घालणारा देवाला सांगतो. हे दरवर्षी नवीन, त्यामुळे काकांच्या आवाजातलं माझ्याकडे काही तयार नव्हतं. मी आपल्याच आवाजात सांगायला लागलो. बारीक, थोडा चिरका आवाज. पण लोक त्यालाही 'होय म्हाराजा' म्हणत होते. चार घरांचं झालं, सात घरांचं झालं. विहिरीचं सांगताना मला खरंच वाटलं की तिला पाणी लागावं.

शेवटी दादा म्हणाला, "आता तुझा काय ता सांग. एवढा उभा ऱ्हायलास तर."

इथे जिभेवर तीन विनोद तयार होते. शपथेवर सांगतो, तिन्ही चांगले होते. ते गिळले.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो, "दोन वर्षं माझी एक मैत्रीण होती."

आधी एकदोघांनी म्हटलं. मग सवयीने सगळ्यांकडून आलं, "होय म्हाराजा."

"तिने मला सोडलं."

"होय म्हाराजा."

"चूक माझीच होती."

"होय म्हाराजा," अख्खी वाडी म्हणाली, आणि मागच्या दोन्ही वेळांपेक्षा जास्त जोरात.

"तिचं चांगलं होऊ दे. आणि मला जिथे बोलायला पाहिजे तिथे नीट बोलता येऊ दे."

"होय म्हाराजा."

एवढंच. नारळ फुटला. मला वाटलं होतं रडू येईल, पण भूक लागली. बांधावर बसून भाकरी आणि रस्सा खाताना ती आठवली, आणि पहिल्यांदाच घास अडकला नाही. ते आजोबा येऊन शेजारी बसले, माझ्या पानात एक तंगडी टाकली आणि गेले.

मग काका आले. समोर उकिडवे बसले आणि वहीत लिहायला लागले. एक पान भरलं, दुसरं उलटलं. बोलता न येणाऱ्या माणसाचे शिव्याशाप असे हळूहळू उतरताना बघणं फार अवघड असतं. वही माझ्या हातात दिली. 'मी एवढा खाकरतो? कोंबड्याचं मधे म्हणायचं नसतं, गाढवा. पोरांचं पण नाही. आणि देवापुढे मान वाकडी का करतोस, तुला काय लकवा भरलाय? बाकी दुसऱ्या भागात सूर लागला. पुढल्या वर्षी आधी आठ दिवस ये, धड शिकवतो.'

मी "हो काका" म्हणालो. त्यांनी वही ओढून घेतली आणि खाली अजून एक ओळ लिहिली, 'आता तुझ्या आईकडे जा. ती मघापासून बघतेय.'

आई बांधापलीकडे बायकांत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती येऊन स्कूटरवर मागे बसली. लांजा ओलांडला, हायवे लागला, तेव्हा माझ्या पाठीमागून सुरू झालं.

"दोन वर्षं?"

"हो."

"इतके महिने मी तुझ्या पोटाला ओवा देतेय, आणि तुझं हे? देवाला सांगितलंस, वाडीला सांगितलंस, त्या कोंबड्याला सांगितलंस. मी कोण?"

"आई, तसं नाही गं..."

"पुढे बघून चालव. आणि सोडून गेली तेव्हा तिच्या घरी जाऊन बोलायला तोंड नव्हतं? मला सांगायचंस, मी गेले असते. एवढी मोठी झालीत पोरं, अक्कल काडीची नाही. कशी होती?"

"चांगली होती."

"चांगली म्हणजे काय? मासे खायची?"

"खायची."

"स्वतः साफ करायची?"

"हो."

मागून माझ्या हेल्मेटवर एक टपली बसली. "मग घालवलीस कशाला, मेल्या?"